ओठ न फुटलेला शंख

४ मार्च

देवमासा हरला! अठरा मीटरचा सांगाडा छताला टांगलाय, त्याच्यासाठी लोक बाहेरगावाहून येतात, आणि शाळेच्या पोरांनी मतं टाकली ती तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायीला. नव्या दालनाच्या फलकावर कोण झळकणार याचं मतदान होतं. मतपेट्या माझ्याच विभागाने ठेवलेल्या. शाळांचे कार्यक्रम, रविवारचे फेरफटके, शनिवारचं ओळख-टेबल — संग्रहालयात माणसं आणायचं सगळं काम माझ्याकडे. तेव्हा बोलणार कोणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

संचालक खूश आहेत. 'सर्वांत लहान जीव, सर्वांत मोठी गोष्ट,' म्हणाले. हे त्यांना आंघोळ करताना सुचलं असणार, त्यांची सगळी वाक्यं तिथेच तयार होतात. नवं दालन नावांचं आहे. प्राण्याला, झाडाला, किड्याला नाव कोण देतं, कसं देतं, ते जगभर कसं चालतं. आणि त्यात मधोमध, भिंगाखाली, आमच्या इथल्याच टेकडीवर सापडलेली, आमच्याच माणसाने नाव दिलेली ती गोगलगाय.

आमचा माणूस म्हणजे माझा नवरा. शंखविभाग त्याचा होता, निवृत्त होईपर्यंत. सगळे त्याला गोगलसर म्हणतात, तोंडावरसुद्धा.

घरी येऊन सांगितलं. तो भाजी निवडत होता. 'बरं,' म्हणाला. आणि मग चांगली पानंही कचऱ्यात टाकायला लागला. मी ती हळूच काढून घेतली.

५ मार्च

झोप नीट लागली नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

त्या गोगलगायीचं नाव आमच्या मुलीचं आहे.

पूर्ण दिवसांची होती. केस होते तिला, ओले, काळे. रडली नाही. दवाखान्याच्या कागदावर 'स्त्री, मृत' एवढंच लिहून दिलं, नावाची जागा रिकामी. आम्ही नाव आधीच ठरवलं होतं. तो रोज संध्याकाळी माझ्या पोटाशी तोंड नेऊन त्या नावाने हाक मारायचा आणि लाथ बसली की मोजायचा — शास्त्रज्ञ ना! पण सासूबाई म्हणाल्या, जिने श्वास घेतला नाही तिला नाव नसतं, घेऊ नका ते, पुढच्याला लागेल. नणंदेने मला जवळ घेतलं आणि तीही हेच म्हणाली. पुढचं कोणी आलंच नाही.

पुढच्या वर्षी एकदा तो कामावरून आला, एका शास्त्रीय नियतकालिकाचा अंक उघडून माझ्या मांडीवर ठेवला आणि पाय धुवायला गेला. नवी गोगलगाय, त्याने शोधलेली. शेवटी नेहमी एक ओळ असते, हे नाव कशावरून दिलं त्याची. तिथे होतं — 'एका लहान मुलीवरून.' बस. मी वाचलं, अंक मिटला, जेवण वाढलं. खूप नंतर तो एकदाच म्हणाला होता, 'आमच्या कामात नावं मेलेल्यांनाच देतात, अडत नाही कोणाचं.' त्याव्यतिरिक्त आम्ही यावर कधी बोललो नाही. पण मला ठाऊक आहे की ते नाव जगात कुठे कुठे आहे. कपाटातल्या पेटीवरच्या चिठ्ठीत आहे. दूरदूरच्या संग्रहालयांच्या सूच्यांत आहे. परक्या लोकांनी ते छापलंय, शुद्ध, एकही काना-मात्रा न चुकवता.

आणि बाकी कुठेही नाही.

संग्रहालयात सगळ्यांना वाटतं कुणी भाची असेल. मी म्हणते, असेल कोणीतरी.

११ मार्च

आज दोन शाळा. स्पर्श-टेबलावर गर्दी. कासवाची पाठ, साळिंदराचे काटे, बैलाचं शिंग — आणि आता त्या गोगलगायी, जिवंत! नवऱ्याच्या शिष्येने हिवाळ्यातच त्या टेकडीवरून थोड्या आणून काचेच्या पेटीत ठेवल्यात, पोरांना बघता याव्यात म्हणून. काकडीची चकती, ओला पाला, कोपऱ्यात खडूचा तुकडा. शंख वाढायला चुना लागतो. पोरं भिंग घेऊन पेटीवर पडलेली असतात. श्वास काचेवर, मग पुसायला माझी ओढणी.

मी नेहमीचं सांगितलं. नाव कुणी दिलं, कशावरून दिलं. एका पोरीने विचारलं, 'मग ती मुलगी आता केवढी आहे?'

इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, 'मोठी झाली असेल आता. नोकरी करत असेल.'

'गोगलगायीला भेटायला येते?'

'येते की,' म्हटलं. मग साळिंदराकडे वळवलं सगळ्यांना.

१४ मार्च

संचालकांना फलकासाठी तिचा फोटो हवा आहे. त्या लहान मुलीचा. 'गोगलसरांना विचारा, जुन्या अल्बममध्ये असेल.' म्हटलं, बघते.

१९ मार्च

शिष्या दुपारी माझ्या खोलीत आली आणि दार लोटलं. ही नवऱ्याच्या हाताखाली शिकलेली, आता त्याच्याच खुर्चीवर बसते. त्याला सर म्हणते, मला काकू. डबा माझ्याबरोबर खाते. आज डबा नव्हता हातात.

दालनासाठी तिला त्या मूळ शंखाचे मोठे फोटो काढायचे होते, ज्या एका शंखावरून नाव दिलं त्याचे. काढले. आणि म्हणाली, 'काकू, सरांना कसं सांगू कळत नाहीये. म्हणून आधी तुमच्याकडे आले.'

मग समजावून सांगितलं. मी शाळेच्या पोरांना सांगते तसंच, अगदी सोपं करून. या जातीच्या गोगलगायी जन्मभर वाढत नाहीत. वाढ पुरी झाली की शंखाच्या तोंडाची कड जाड होते, बाहेर वळते. त्याला ओठ म्हणतात. ओठ फुटला की गोगलगाय मोठी झाली. आणि जात ओळखायची ती मोठीवरून, कारण पिल्लं सगळी सारखी दिसतात. सरांच्या शंखाला ओठ नाही. पेटीतल्या एकाही शंखाला नाही.

'सगळी पिल्लं आहेत काकू. सरांना तेव्हा एकही मोठी सापडली नाही, नशीबच म्हणायचं. आणि टेबलावरच्या जिवंत पेटीत आता ओठ फुटायला लागलेत. मी काल भिंगाखाली बघितलं. ही वेगळी जात नाहीच. सगळीकडे मिळते तीच आहे. तिला कोणीतरी फार पूर्वी नाव देऊन ठेवलंय.'

'म्हणजे?'

'आधीचं नाव ते खरं. नियमच आहे.'

'आणि सरांनी दिलेलं?'

'ते जाणार,' म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, सरांसाठी. बाकीचं तिला काय माहीत!

मी चष्मा पुसत बसले. मग तिला म्हटलं, माझ्या डब्यातलं खा थोडं.

२० मार्च

जाणार म्हणजे कुठे जाणार? जायला ती कुठे राहिलीय दुसरीकडे!

२२ मार्च

दिवसभर राग. आधी शिष्येचा. फोटोच काढायचा होता ना, काढायचा आणि गप्प बसायचं! मग संचालकांचा, मग मतं टाकणाऱ्या पोरांचा. देवमाशाला दिली असती तर काय बिघडलं असतं. शेवटी माझाच. त्या पेटीत खडू मीच टाकत होते रोज. ओठ माझ्याच खडूने फुटले.

त्याच्यावर मात्र राग येत नाही. ते वर्ष मी पाहिलंय. सदऱ्याची बटणं वरखाली लावून जायचा. एकदा बसस्टॉपवर उभा राहिला आणि बस सोडत राहिला, शेजारच्यांनी आणून घातला घरी. त्या अवस्थेत माणसाला शंखाचा ओठ काय दिसणार? दुसऱ्या कोणाची चूक असती तर त्यानेच पकडली असती. आमचे हे म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय — वरून गरीब, पण लाल शाई हातात आली की विद्यार्थ्यांची दैना. एका मापासाठी शिष्येचा पूर्ण लेख त्याने तीनदा परत पाठवला होता. 'मोजलं नसेल तर लिहू नये.' अख्खं आयुष्य असं काढलेल्या माणसाला आता, या वयात, कोणी सांगायचं की तुझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली, आणि तीही त्याच एका ठिकाणी?

त्याला कळता कामा नये. बास.

२६ मार्च

शिष्येला गाठलं. म्हटलं, दालन उघडू दे आधी. नंतर बघू.

'काकू, फलक लागल्यावर, पुस्तिका वाटल्यावर नंतर काय बघणार? लोक ते घरी घेऊन जातील.'

'तुझ्या सरांसाठी म्हणतेय.'

'सरांनीच शिकवलंय मला,' ती म्हणाली, आवाज न चढवता. मग 'तुम्ही म्हणता म्हणून.' आणि निघून गेली. डबा खायला आली नाही.

कहर म्हणजे आज बैठक होती ती प्रवेशद्वारावरच्या वाक्याची. संग्रहालयाचं ध्येय काय, थोडक्यात, रंगवून. संचालकांचं वाक्य दोन ओळींत मावत नव्हतं. कोणाचंतरी इतकं जड होतं की रंगाऱ्याने विचारलं, 'याचा अर्थ काय लिहू?' शेवटी माझं घेतलं — 'पाहा. विचारा. चुकलं तर सांगा.' हे मी महिन्यापूर्वी दिलं होतं, काही माहीत नसताना. सगळ्यांनी वाहवा केली. मी माझ्याच वाक्याखाली मान घालून बसले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

जाताना रखवालदार रंगवलेलं वाचत उभा होता. म्हणाला, 'बाई, चुकलं तर कोणाला सांगायचं ते राहिलंय लिहायचं.'

३० मार्च

जिवंत पेटी घरी आणली. टेबलापाशी सांगितलं, दालनात रंगकाम चाललंय, वासाने मरतील. खोटं नाही. पण कारणही ते नाही. पोरं हुशार असतात, एखादं भिंगातून बघून विचारणार, बाई याला ओठ आलेत, चित्रात का नाहीत? कोंबडं झाकून ठेवतेय. उजाडायचं ते उजाडणारच आहे.

घरी ठेवायची तरी कुठे? स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाला, वर फडकं. तो पाणी प्यायला आला आणि फडकं उचललं. वाकून बघत राहिला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजवाही धड नाही, डॉक्टर म्हणतात पिकू द्या.

'काकडी फार जाड कापतेस,' म्हणाला. एवढंच. आणि स्वतः कापायला बसला.

२ एप्रिल

पेटी त्याने खुर्चीजवळ नेली. खडू किसून घालतो आता.

५ एप्रिल

आज जे केलं ते या नोकरीत कधी केलं नव्हतं.

शनिवार, ओळख-टेबल. लोकांना जे काही सापडलं असेल ते घेऊन यायचं — पीस, हाड, किडा, दगड — आणि आम्ही सांगायचं काय आहे ते. फुकट. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. खोटं सांगायचं नाही, खूश करायला तर मुळीच नाही. स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी मीच हे सांगते.

एक गृहस्थ आले, निवृत्त शिंपी. रुमालात गुंडाळलेलं गोल, गुळगुळीत, मुठीएवढं. 'वडिलांनी जपून ठेवलं होतं. डायनासोरचं अंडं आहे म्हणायचे. आम्ही पोरं शाळेत सांगायचो तर मुलं हसायची. वडील गेले गेल्या महिन्यात. म्हटलं, आता तरी विचारून घ्यावं.'

दगड होता. नदीतला गोटा. हातात घेतल्याबरोबर कळलं, उलटून बघायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, 'असू शकतं.'

त्यांचा चेहरा असा उजळला! दोन्ही हातांनी नमस्कार केला मला. रुमालाची गाठ दोनदा मारली. शेजारच्या टेबलावर शिष्या होती. तिने ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या माणसाचं पीस हातात घेतलं.

घरी येऊन आंघोळ केली. तरी बरं वाटेना.

८ एप्रिल

मोतीबिंदूची तारीख मिळाली, पुढच्या महिन्याची. मला आनंद व्हायला हवा. मी मनात म्हटलं, इतक्या लवकर कशाला. नवऱ्याला दिसू नये असं वाटणारी बायको!

१२ एप्रिल

शिंपीकाका परत आले. या वेळी मुलगी, जावई, नात, सगळी बरोबर. नवे कपडे. अंडं आता रुमालात नव्हतं, कापसाच्या डबीत होतं. 'संग्रहालयाला द्यायचं ठरवलंय. वडिलांचं नाव लावाल ना खाली?'

नाव लावाल ना.

मी त्यांना आत माझ्या खोलीत नेलं. पाणी दिलं. आणि सांगितलं की तो गोटा आहे, मला त्या दिवशीही माहीत होतं. कसा ओळखायचा तेही दाखवलं, कवच कुठे दिसायला हवं होतं ते. जावयाने खाली बघितलं. मुलगी लाल झाली. काका मात्र शांत होते.

'मला वाटलंच होतं,' म्हणाले. 'वडिलांनाही बहुतेक माहीत असावं. ते आम्हाला हसवायला सांगायचे. पण बाई, तुम्ही तसं का म्हणालात? मी सबंध आठवडा नातेवाइकांना फोन करत होतो.'

मी माफी मागितली. त्यांनी डबी बंद केली, नातीच्या हातात दिली. 'दगड तर दगड, आपल्याकडेच ठेवू,' म्हणाले. दाराशी वळून मला पुन्हा नमस्कार केला, तो पहिल्यासारखा नव्हता.

कीव करून खोटं बोललं की समोरच्याला लहान मूल करतो आपण. मी घरात तेच करतेय, मोठ्या माणसाच्या डोळ्यांवर फडकं टाकून बसलेय. उद्या सांगणार.

१३ एप्रिल

सांगितलं.

सकाळपासून वाक्यं जुळवत होते. शेवटी एकही वापरलं नाही. तो खुर्चीत, पेटी मांडीवर. मी समोर बसले आणि म्हटलं, 'तुझ्या गोगलगायी पिल्लं होत्या रे.'

'ओठ फुटलेत,' तो म्हणाला. 'बोटाने कळतात. तू पेटी आणलीस त्याच आठवड्यात कळले.'

म्हणजे इतके दिवस तोही गप्प! मी त्याच्यासाठी, तो माझ्यासाठी, आणि मधे गोगलगायी काकडी खातायत. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू फुटलं, नाकातोंडातून, घाणेरडं. त्याने पेटी खाली ठेवली. माझं मनगट धरलं. तो हात धरत नाही, मनगट धरतो, पहिल्यापासून.

'पोरीला लिहायला सांग,' म्हणाला. पोर म्हणजे शिष्या. 'सरळ लिही म्हणावं. सांभाळून वगैरे नको. माझं नाव घालून लिही म्हणावं.'

'तू ते दिवस कसे काढलेस मला ठाऊक आहे. कोणाचीही चूक झाली असती.'

तो पेटीकडे बघत राहिला.

मग मी विचारलंच. 'आणि ती?' इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेल. 'तिचं काय?'

'रद्द झालेलं नाव पुसत नाहीत,' तो म्हणाला. 'खऱ्या नावाच्या खाली लिहितात, बारीक अक्षरात. त्या जातीबद्दल पुढे कोणीही लिहिलं की ते खालचं नावही लिहावं लागतं. दर वेळी.' थोडं थांबला. मग त्याने तिचं नाव घेतलं. मोठ्याने, हाक मारल्यासारखं.

मी भांडी घासायला उठले. नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. सासूबाई, तुम्ही म्हणालात घेऊ नका. घेतलं आज. छत कोसळलं नाही. फक्त मी आहे ती अशी, आतून सालटं निघाल्यासारखी.

१५ एप्रिल

शिष्येला सगळं सांगितलं. मुलीचंसुद्धा. ती 'काकू, मी लिहायला घेतलेला लेख फाडून टाकते,' म्हणाली. आता तीच लपवायला निघाली! म्हटलं, खबरदार. सरांचा निरोप आहे, सांभाळून लिहायचं नाही. तिने माझ्या डब्यातलं सगळं खाल्लं आणि रडत खाल्लं.

संचालकांना फक्त शंखाचं सांगितलं, बाकी नाही. ते खुर्चीत खचले. फलक छापून झालेत, पाहुणे ठरलेत. मग पाच मिनिटांत चेहरा पालटला. 'अहो, पण हीच तर गोष्ट! संग्रहालय स्वतःची चूक स्वतः सांगतं! दारावरच लिहिलंय आपण!' यांचं उंटावरून शेळ्या हाकणं एरवी डोक्यात जातं. आज बरं वाटलं, कोणीतरी माझ्या दुःखाला नुसतं काम समजतंय म्हणून.

२० एप्रिल

नवी चिठ्ठी छापून आली. वर जुनं खरं नाव, ठळक. खाली तिचं, बारीक, तिरक्या अक्षरांत. मी बोट फिरवलं तर शाई पुसट झाली. दुसरी मागवली.

२७ एप्रिल

दालन उघडलं.

त्याला इस्त्रीचा सदरा घातला, बटणं मी लावली. संचालक बोलले, ते सोडून देऊ. मग पोरांना जमिनीवर बसवलं आणि तो मधे स्टुलावर. जिवंत पेटी शेजारी. भिंग एकेकाच्या हातात देत त्याने दाखवलं, हे पिल्लू, ही मोठी, हा ओठ. 'मी पिल्लाला मोठं समजलो. मी चुकलो. माझ्या विद्यार्थिनीने चूक काढली. तिच्यासाठी टाळ्या वाजवा.' वाजल्या. रखवालदाराने दारातून वाजवल्या. शिष्या खांबामागे गेली.

एका मुलाने हात वर केला. 'मग जिचं नाव होतं त्या मुलीला वाईट वाटेल का?'

मी पुढे होणार होते. काहीतरी सांगून त्यांना देवमाशाकडे न्यायला. पण तो म्हणाला, 'ती फार लहान होती रे. तिने वाईट वाटून घ्यायच्या आधीच ती गेली. वाईट आम्हाला वाटतं.'

आम्हाला म्हणाला. सगळ्यांसमोर. पोरांना काही विशेष वाटलं नाही, त्यांनी मान हलवली आणि भिंगासाठी भांडायला लागली. संचालकांनी मात्र माझ्याकडे बघितलं आणि मला वाटतं त्यांना कळलं, कारण ते पहिल्यांदाच वाक्याशिवाय उभे होते. मग जवळ येऊन म्हणाले, 'फोटो मागितला होता मी तुमच्याकडे.' म्हटलं, असू द्या.

लोक गेल्यावर मी काचेपाशी उभी राहिले. बारीक अक्षरं वाचायला वाकावं लागतं. वाकले. माझी मुलगी आता एका चुकीचं नाव आहे. पण प्रामाणिक माणसाच्या प्रामाणिक चुकीचं, आणि ती त्याने भर सभेत कबूल केली. मला त्याचा अभिमान वाटला आणि माझं काळीज फाटलं, दोन्ही एकदमच. घरी येताना रिक्षात त्याचा डोळा लागला. मी त्याचं मनगट धरून बसले होते.

२८ एप्रिल

चहा गाळताना, माझ्याकडे पाठ करून, तो म्हणाला, 'चूक नव्हती ती.'

'कोणती?'

'पिल्लू आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. ओठ आलेल्याही होत्या त्या टेकडीवर, त्याच पाल्यात, हाताच्या अंतरावर. मी त्या उचलल्याच नाहीत.'